जळक्या पिंपाचा वास

गेल्या वर्षी आगमनकाळाच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण रजेवर घरी आला. प्रवासी जहाजावर तो नोकरी करतो. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो धर्मगुरुनिवासात आला आणि कागदात गुंडाळलेली एक बाटली त्याने माझ्या मेजावर ठेवली. अशा भेटी आम्हा धर्मगुरूंना नव्या नाहीत. ज्याने रविवारच्या प्रवचनात दारूच्या नावाने बोटे मोडावीत, त्याच्याच हाती सोमवारी कुणीतरी विमानतळावरची करमुक्त बाटली मोठ्या प्रेमाने द्यावी, असा हा आपल्या लोकांचा निष्पाप विनोद आहे.

"अरे, मी व्हिस्की घेत नाही, तुला ठाऊक आहे ना?" मी म्हटले.

"फादर, ही व्हिस्की नव्हे, बर्बन आहे," तो उत्तरला. जणू ती गाईच्या दुधाची बासुंदी असावी!

आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "बर्बन म्हणजे ती चॉकलेटची बिस्किटं ना, फादर?" आम्ही दोघेही हसलो. पण मावशींचा प्रश्न त्या तरुणाच्या विधानापेक्षा कमी चुकीचा होता. बिस्किटाला आणि मद्याला नाव मिळाले ते मुळात एकाच फ्रेंच राजघराण्यामुळे, बिस्किटाला अगदी सरळ आणि मद्याला, बहुतेकांच्या मते, वळणावळणाने. याउलट, बर्बन ही व्हिस्की नव्हे, हे मात्र साफ खोटे. प्रत्येक हापूस हा आंबा असतो, प्रत्येक आंबा हापूस नसतो. बर्बनचे नाते व्हिस्कीशी तसे आहे.

तो तरुण चहा घेऊन गेला. बाटली मात्र मेजावर राहिली आणि तिच्याकडे पाहता पाहता मला केंटकी आठवले.

ज्याने आयुष्यात मद्याचा थेंब (ख्रिस्तयागातील द्राक्षारस सोडून) चाखला नाही, त्याला या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असे वाचक विचारतील. माझा अधिकार जिभेचा नाही, नाकाचा आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

२०११ सालच्या उन्हाळ्यात मी दोन महिने अमेरिकेतील केंटकी राज्यात बदली धर्मगुरू म्हणून राहिलो. तेथील धर्मगुरू प्रकृतीच्या कारणाने रजेवर होते. बार्ड्सटाऊन हे गाव तिथून जवळच. या चिमुकल्या गावाचे नाव अमेरिकन ख्रिस्तसभेच्या इतिहासात मोठे आहे. १८०८ साली बाल्टिमोर या धर्मप्रांतातून चार नवे धर्मप्रांत निर्माण झाले: न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टन आणि बार्ड्सटाऊन! पहिली तीन आज महानगरे आहेत. चौथे अजूनही तालुक्याच्या गावाएवढेच. १८४१ साली बिशपांचे पीठ लुईव्हिल शहरात हलवले गेले, पण १८१६ मध्ये पायाभरणी झालेले सेंट जोसेफ कॅथीड्रल आपल्या पांढऱ्या स्तंभांसह अद्याप उभे आहे. आणि याच गावाला आज बर्बनची राजधानी म्हणून ओळखतात.

हे दोन मान एकाच गावाच्या वाट्याला यावेत हा योगायोग नव्हे. १७८५ साली बेझिल हेडन नावाचा एक कॅथॉलिक शेतकरी मेरीलँडमधून पंचवीस कॅथॉलिक कुटुंबे घेऊन डोंगर ओलांडून इकडे आला. मेरीलँड हे मुळात कॅथॉलिकांना आश्रय म्हणून वसवलेले. पुढे तेथेच त्यांच्यावर निर्बंध आले होते. नव्या प्रदेशात त्यांना सुपीक जमीन मिळाली, चुनखडीच्या खडकांतून पाझरणारे, लोह नसलेले गोड पाणी मिळाले आणि मूळ रहिवाशांच्या पिढ्यान् पिढ्या पिकवलेल्या धान्याने म्हणजे मक्याने शेते भरली. मका भरपूर, पण डोंगरापलीकडच्या बाजारात बैलगाडीने न्यावा तर भाड्यातच त्याची किंमत संपे. मक्याची दारू गाळली की तेच पीक पिंपात मावे, कुजत नसे आणि ओहायो व मिसिसिपी नद्यांवरून सपाट तळाच्या होड्यांतून न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाई. हेडनही दारू गाळत असे आणि त्याच्या जमिनीवर चर्चही उभे राहिले. त्यांच्यासोबत आलेले गुलाम हेही या इतिहासाचा भाग आहेत. शेतात आणि भट्टीवर राबणारे अनेक हात त्यांचे होते, आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवर त्यांची नावे क्वचितच आली.

दंतकथांची मात्र तेथे वाण नाही. एलिजा क्रेग नावाच्या बाप्टिस्ट पाळकाने १७८९ साली पहिली बर्बन गाळली आणि त्याच्या पिंपांना अपघाताने आग लागल्यामुळे जळक्या पिंपाचा शोध लागला, असे तेथे मोठ्या चवीने सांगतात. इतिहासकार ही कथा मानत नाहीत. पाळकाच्या नावावर दारूचा शोध जमा करण्यात लोकांना काही वेगळाच आनंद होत असावा, एवढेच मी धर्मगुरू म्हणून नोंदवतो. तसे पाहिले तर व्हिस्कीच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांतही एक मठवासीच आहे. स्कॉटलंडच्या राजाच्या हिशेबवहीत १४९४ सालची नोंद आहे: 'आक्वा विते' करण्यासाठी ब्रदर जॉन कॉर यांस आठ बोल माल्ट. बोल हे तिकडचे जुने माप. 'आक्वा विते' म्हणजे जीवनजल. व्हिस्की हा शब्दही त्याच अर्थाच्या गेलिक शब्दांपासून आला. औषध म्हणून मठात जन्मलेल्या वस्तूला जीवनजल हे नाव पडले आणि ते नाव पुढे किती घरांत किती कडवट ठरले, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

केंटकीत माझ्या लक्षात आलेली पहिली व्यक्ती म्हणजे सकाळच्या मिस्सेला पुढच्या बाकावर बसणारे एक वृद्ध गृहस्थ. तेथे भाविकांना भाकरीसोबत चषकही देण्याची प्रथा होती. हे गृहस्थ माझ्या हातून ख्रिस्तशरीर घेत, आदराने मस्तक लववीत आणि चषक धरून उभ्या असलेल्या भगिनीसमोरून तसेच पुढे जात. रोज. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच सांगितले: "फादर, गैरसमज नको. मला तो एक घोटही परवडणारा नाही. बावीस वर्षे झाली." दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात अल्कोहॉलिक्स अ‍ॅनॉनिमसची बैठक भरे, तेथे खुर्च्या मांडण्याचे काम त्यांच्याकडे होते.

आणि त्यांचा पेशा? तारुण्यात पिंपे बनवण्याच्या कारखान्यात आणि नंतर निवृत्तीपर्यंत बर्बनच्या कोठारात.

"तुम्ही बर्बनच्या देशात येऊन बर्बन पाहिल्याशिवाय कसे जाणार?" असे म्हणून एका शनिवारी त्यांनीच मला गाडीत घातले. मी नको म्हणत होतो. माझ्या नकाराचे कारण त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

वाटेत त्यांनी मला जो पाठ दिला, तसा स्वच्छ पाठ सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गातही मला क्वचितच मिळाला असेल. व्याख्या करावी तर अशी, हे मला तेथे कळले. बर्बन म्हणवून घ्यायचे तर ती अमेरिकेत बनलेली हवी. केंटकीतच हवी असे नाही, जरी बहुतेक तेथेच बनते. धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातनाने मद्यार्काचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर नेता कामा नये, कारण त्यापुढे गेले की धान्याची चव निघून जाऊन नुसता स्पिरिट उरतो. पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांहून अधिक नसावे आणि बाटलीत ४० टक्क्यांहून कमी नसावे. पिंप ओकचे हवे, आतून जाळलेले हवे आणि नवे हवे. शेवटी, त्यात पाण्याखेरीज काहीही मिसळता येत नाही. रंग नाही, साखर नाही, सुवास नाही. किमान दोन वर्षे पिंपात राहिली तर तिला 'स्ट्रेट' म्हणता येते.

"बाकीच्यांचे काय?" मी विचारले.

बाकीचे त्यांनी झपाट्याने उरकले. कोठारवाल्याला दुसऱ्याच्या कोठारात फारसा रस नसतो. स्कॉटलंडची माल्ट व्हिस्की मोड आणून वाळवलेल्या सातूची. तो सातू काही ठिकाणी पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या, धुरावर वाळवतात, म्हणून तिला धुराचा वास. ती तांब्याच्या हंड्यांत गाळतात आणि किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात ठेवतात, पण ते पिंप बहुधा जुने, आधी दुसरे काही भरलेले. रंग सारखा दिसावा म्हणून जळक्या साखरेचा रंग घालायला तेथे कायद्याची मुभा आहे. आयर्लंडची बरीचशी तीनदा गाळलेली, म्हणून मऊ. अमेरिकेचीच राय व्हिस्की म्हणजे मक्याच्या जागी राय नावाच्या धान्याला ५१ टक्क्यांचा मान. शेजारच्या टेनेसी राज्यातली बव्हंशी बर्बनसारखीच, मात्र पिंपात भरण्याआधी ती मेपल लाकडाच्या कोळशातून थेंब थेंब गाळून घेतात. इंग्रजीत व्हिस्की या शब्दात कुणी एक अक्षर जास्त घालतात, कुणी घालत नाहीत; त्यावरही तेथे वाद होतात. मराठीने आपल्याला त्या वादातून सोडवले आहे.

कारखाना पाहून मला आपल्याकडच्या मोठ्या लग्नघरातील भटारखान्याची आठवण झाली. भरडलेला मका पाण्यात शिजवायचा, मग थोडा निवल्यावर राय घालायची (काही ठिकाणी तिच्याऐवजी गहू, त्याने चव सौम्य होते) आणि शेवटी आणखी निवल्यावर मोड आलेला सातू. सातूतील पाचक द्रव्ये धान्यातील पिठुळाची साखर करतात. त्यात मागच्या खेपेचे गाळून उरलेले आंबट पाणी मिसळतात. आपण इडलीच्या पिठाला किंवा विरजणाला जसा मागचा अंश लावतो, काहीसे तसेच. या आंबटपणामुळे नको ते जंतू दूर राहतात आणि यीस्टला हवे तसे वातावरण मिळते. ही पद्धत शिस्तीत बसवली ती जेम्स क्रो नावाच्या स्कॉटलंडहून आलेल्या डॉक्टरने, १८३० च्या दशकात. काही दिवस आंबल्यावर ते उंच स्तंभात वरून सोडतात, खालून वाफ येते आणि वाफेबरोबर मद्यार्क वर चढतो. तो पुन्हा एकदा गाळला की जे हाती येते ते पाण्यासारखे स्वच्छ असते. तेथे त्याला 'पांढरा कुत्रा' म्हणतात, बहुधा त्याच्या चाव्यामुळे.

येथपर्यंत मी ठीक होतो. वाफेचा, शिजलेल्या मक्याचा, आंबवणाचा वास मी सोसला. त्यानंतर एका कर्मचाऱ्याने त्या पांढऱ्या द्रवाचे दोन थेंब माझ्या तळहातावर घातले आणि हात चोळून नाकाशी न्यायला सांगितले. पाहुण्यांना ते असेच दाखवतात.

वाचकहो, तो वास माझ्या वडिलांचा होता.

आमचे घर केळीच्या बागेत. वडील कष्टाळू होते, गळ्याने गोड होते, लग्नाच्या मांडवात त्यांच्यावाचून गाणे सुरू होत नसे. आणि ते पीत. आमच्या वाडीच्या टोकाला खाजणाच्या कडेने एक गुत्ता होता. तेथे काळ्या गुळाची, नवसागराची, आणखी कशाकशाची हातभट्टी लागे. रबरी फुग्यांतून ती येई. मी नऊ-दहा वर्षांचा असताना वडील मला चार आणे वर देऊन बाटली आणायला पाठवीत आणि सांगत, "पहिल्या धारेची माग हां!" स्कॉटलंडमधील हंड्यांतून येणारी अगदी पहिली धार विषारी अंश असतो म्हणून बाजूला काढतात, हे मला पन्नाशीकडे जाताना कळले. आमच्याकडे तीच मानाची होती. त्या बाटलीला बूच नसे, केळीच्या सोपाचा बोळा असे. घरी येईपर्यंत तो वास माझ्या सदऱ्याला लागे आणि आई मला काही न बोलता सदरा बदलायला लावी. मी सेमिनरीच्या दुसऱ्या वर्षाला असताना वडील गेले. जलोदराने पोट फुगले होते. वय त्रेचाळीस. मी आता त्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे.

मी तेथून बाहेर आलो. ते वृद्ध गृहस्थ मागोमाग आले. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग मी त्यांना चार वाक्यांत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "अर्धेच पाहून परत जाऊ नका, फादर. आता पिंप पाहू."

पिंपांच्या कारखान्यात ते निराळेच झाले. पांढऱ्या ओकच्या फळ्या हाताळताना त्यांची बोटे तरुण होत होती. या झाडाच्या लाकडातील नळ्या झाड म्हातारे होताना आपोआप बुजत जातात. म्हणून त्याचे पिंप गळत नाही. खिळा नाही, सरस नाही. फळ्या वाफेने वाकवायच्या आणि लोखंडी कड्यांनी आवळायच्या. सुमारे दोनशे लिटरचे पिंप. मग ते ज्वाळेवर धरतात. आतून भडका उठतो, आणि मिनिटभराच्या आत पाणी मारून विझवतात. सर्वांत जास्त जाळलेल्या पिंपाचा आतला पृष्ठभाग सुसरीच्या पाठीसारखा भेगाळतो. ते म्हणाले, "या कोळशाच्या मागे बोटाने दाखवता येईल अशी एक तांबूस रेघ असते. लाकडातली साखर तेथे जळता जळता राहिलेली असते. बर्बन म्हणजे ती रेघ."

मग कोठार. लाकडी मांडण्यांवर सहा-सात मजले पिंपेच पिंपे. वातानुकूलन नाही, खिडक्या उघड्या. केंटकीचा उन्हाळा आपल्यासारखाच तापतो आणि हिवाळा गोठवतो. उन्हाळ्यात पिंपातला द्रव फुगून कोळशातून पार लाकडात शिरतो, हिवाळ्यात आकसून परत येतो आणि येताना त्या रेघेतला रंग, गोडी आणि व्हॅनिलासारखा सुवास घेऊन येतो. वर्षानुवर्षे ही ये-जा. वरच्या मजल्यावर ऊन अधिक, म्हणून तेथे ते लवकर पिकते, खाली सावकाश. दर वर्षी शेकड्याला तीन-चार भाग उडून जातात. त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. त्या वाफेवर एक प्रकारची काळी बुरशी वाढते. कोठारांच्या भिंती, आसपासची झाडे, कुंपणे काजळी फासल्यासारखी काळी. "देवदूत जेवून गेले की ताटे घासत नाहीत," असे म्हणून ते हसले.

त्यांच्या ओळखीच्या माणसाने एका जुन्या पिंपाला भोक पाडून काचेच्या नळीने थोडे काढले. वृद्धांनी पेला घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले. ते म्हणाले, "चौथा मजला असावा. दक्षिणेची भिंत. सात वर्षे." त्या माणसाने पिंपावरची तारीख पाहून मान डोलावली. वृद्धांनी पेला न चाखता माझ्या हाती दिला. माझे अंग आक्रसले, तरी मी हुंगले. तो दुपारचा वास त्यात नव्हता. गुळाचा पाक, भाजलेली खारीक, लोहाराच्या भात्याजवळचे जळके लाकूड. तोच पांढरा द्रव; फरक फक्त जळलेल्या लाकडाचा आणि सात वर्षांचा. मी पेला परत केला. तो त्यांनी दोन्ही हातांनी त्या माणसाच्या स्वाधीन केला, जसा मी वेदीवर चषक ठेवतो.

येताना मी त्यांना विचारले, पिंप नवेच का? जुन्यात काय बिघडते? त्यांनी दोन कारणे दिली. पहिले चवीचे: रंग आणि सुवास बाहेरून घालायला बंदी, म्हणजे जे काही मिळायचे ते लाकडातूनच, आणि एकदा निघाले की दुसऱ्यांदा तितके निघत नाही. दुसरे पोटाचे: हा नियम पक्का झाला तो १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, पिंपे करणाऱ्यांच्या आणि लाकूडतोड्यांच्या हाताला काम राहावे हाही त्यामागे हेतू होता, असे तिकडे सांगतात. परिणाम असा की जगभर पुरतील इतकी एकदा वापरलेली पिंपे दर वर्षी तेथून बाहेर पडतात. स्कॉटलंडची बरीचशी व्हिस्की बर्बनच्याच जुन्या पिंपात पिकते. आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी सिंगल माल्टही त्याच जुन्या पिंपांत ठेवतात; तेथल्या उकाड्यात ती स्कॉटलंडपेक्षा कितीतरी लवकर पिकते. गोव्याच्या काजू फेणीचे मात्र याच्याशी नाते नाही. ती फळाची, आणि सामान्यतः पिंपाचे तोंड न पाहिलेली. तिचा स्वभावच वेगळा, म्हणून २००९ साली तिला स्वतःची भौगोलिक ओळख मिळाली.

मला सर्वांत अधिक विचारात पाडले ते कायद्याच्या भागाने. १८९७ पूर्वी अमेरिकेत व्हिस्कीच्या नावाखाली काय वाटेल ते विकले जाई. कोऱ्या स्पिरिटमध्ये तंबाखू, आलुबुखाराचा रस, आणखी काही घालून रंग आणायचा आणि बाटलीवर जुन्या व्हिस्कीची चिठ्ठी लावायची. माणसे मरत, आंधळी होत. १८९७ साली कायदा झाला: एकाच कारखान्याची, एकाच हंगामाची, सरकारी कुलपाखाली किमान चार वर्षे ठेवलेली आणि ५० टक्के मद्यार्काची असेल तरच त्यावर सरकारी मोहोर. ग्राहकाला आपण काय पितो हे कळावे म्हणून केलेल्या तेथील आरंभीच्या कायद्यांपैकी हा एक. १९०९ साली तर 'व्हिस्की म्हणजे काय?' या प्रश्नाचा निवाडा खुद्द राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना करावा लागला. आणि १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून बर्बन हे आपल्या देशाचे खास उत्पादन ठरवले.

याउलट आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त बाटल्यांत बहुतांशी उसाच्या मळीपासून काढलेला स्पिरिट असतो. युरोपातील नियमांनुसार तिला व्हिस्की म्हणताच येत नाही, कारण तेथे धान्य आणि तीन वर्षांचे पिंप या किमान अटी आहेत. आणि हातभट्टी? २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. त्या रात्री मला पुन्हा तो केळीच्या सोपाचा बोळा आठवला. माझ्या वडिलांच्या बाटलीत काय होते हे कुणालाच ठाऊक नव्हते, विकणाऱ्यालाही नसावे. गरिबाच्या पेल्याची व्याख्या कुणी केली नाही.

परतीच्या वाटेवर मी हे त्या वृद्धांना बोलून दाखवले. म्हटले, निदान तुमच्या कायद्याने माणसांना वाचवले. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"कायद्याने मला तंबाखूपासून वाचवले, फादर. बर्बनपासून नाही. मी जे प्यालो ते सर्व शुद्ध होते, मोहोरबंद होते, त्यातली काही पिंपे माझ्याच हातची होती. माझी बायको ज्या रात्री मुलांना घेऊन गेली त्या रात्रीची बाटली आठ वर्षांची होती."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तरीही ती पिंपे मी चांगली केली होती. तेही खरेच आहे. ही दोन्ही वाक्ये एका दमात म्हणायला मला बरीच वर्षे लागली."

माझ्या वडिलांविषयी मी तोवर एकच वाक्य म्हणत आलो होतो.

जाण्यापूर्वी मी गेथसेमनीच्या ट्रॅपिस्ट मठालाही भेट दिली. १८४८ साली फ्रान्सहून आलेल्या संन्याशांनी तो स्थापिला आणि टॉमस मर्टन १९४१ पासून १९६८ मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्याच मठाचे संन्यासी होते. चरितार्थासाठी हे मौनी संन्यासी तेव्हा चीज आणि बर्बन घातलेली चॉकलेटची वडी करून विकत. मी वृद्धांसाठी एक डबा घेतला, आणि दारातच थबकून परत केला. चीज घेतले. विक्रीला बसलेले संन्यासी हसले. त्यांच्याकडे असे परत करणारे बरेच येत असावेत.

तर ती बाटली. ती आठवडाभर माझ्या कपाटात राहिली. परत करावी तर त्या मुलाचे मन दुखावणार. कुणाला द्यावी तर कुणाला? अखेर मावशींनीच प्रश्न सोडवला. नाताळच्या केकसाठी मनुका, टुटीफ्रुटी, काजू भिजत घालायचे होते आणि महिला मंडळाच्या भगिनी दर वर्षी रमची बाटली कोठून आणावी या विवंचनेत असतात. "यात घातले तर चालेल का, फादर?" मी म्हटले, चालेल. बूच त्यांनी काढले. स्वयंपाकघरात तो वास पसरला. मी दारात उभा होतो आणि तेथून हललो नाही.

"जळक्यासारखा वास येतोय," मावशी म्हणाल्या. "चांगला आहे पण."

मी त्यांना मका, ओक आणि ती तांबूस रेघ यांविषयी सांगू लागलो. त्यांनी काजू चिरता चिरता निम्मे ऐकले. मग अर्धी बाटली बरणीत ओतून झाल्यावर त्या थांबल्या आणि त्यांनी मनुकांची एक मूठ बाजूच्या वाडग्यात काढून त्यात संत्र्याचा रस पिळला.

"हे कुणासाठी?" मी विचारले.

त्यांनी आमच्या धर्मग्रामातील एका घराचे नाव घेतले. त्या घरचा कर्ता गेल्या ईस्टरपासून प्यायलेला नाही. "त्याच्या बायकोनं मला बाजारात गाठून विचारलं होतं, यंदा चर्चच्या केकात काय असतं म्हणून," त्या म्हणाल्या. "वेगळा करते एक. वर लाल दोरा बांधीन, म्हणजे चुकायचं नाही."

नाताळच्या आदल्या दिवशी तो लाल दोऱ्याचा केक मीच त्यांच्या घरी पोचवला.